मागच्या खोलीची लाइन

त्यांना सगळे ट्रिपमास्तर म्हणत. खरं नाव मतदार यादीत होतं आणि तिथेच पडून होतं. वायरमनच्या कामाला तीस वर्षं होऊन गेली, आणि त्यातली बहुतेक वर्षं ट्रिप लावल्याशिवाय त्यांनी कुणाच्या घरात साधा दिवा पेटवून दिला नाही. ट्रिप म्हणजे बोर्डावरचं लहानसं यंत्र. कुठे वीज गळायला लागली, ओल्या भिंतीत, उंदराने कुरतडलेल्या वायरीत नाहीतर माणसाच्या अंगात, की ते खटकन पडतं आणि लाइन बंद करतं. माणूस मरायच्या आत बंद करतं, म्हणून त्याचं मोल.

एका न्हाव्याने एकदा त्यांना खुर्चीत बसवून, तोंडाला साबण फासून, हळूच विचारलं होतं, "मास्तर, ट्रिपबिप राहू द्या, नुसता पंखा जोडून देता का?" मास्तर अर्धी दाढी तशीच ठेवून उठले ते थेट घरी. दोन दिवस तसेच फिरले, पण परत त्या खुर्चीत बसायला गेले नाहीत. शेवटी न्हावीच ट्रिप विकत घेऊन त्यांच्या दारात आला. लोक म्हणत, मास्तरांच्या हातात काडेपेटी देऊ नका, तिलाही ट्रिप बसवतील.

चेष्टा व्हायची, पण मास्तर दिसले की थांबायची. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांचा धाकटा भाऊ त्यांच्याच बरोबर काम करायचा. एका पिठाच्या गिरणीत मोटरची लाइन ओढताना तो ओल्या फरशीवर उभा होता, मोटरच्या लोखंडात वीज उतरली आणि त्याचा हात तिला चिकटला. मास्तर वीस पावलांवर होते. मेन स्विचपर्यंत धावले, खटका ओढला. तेवढ्या वेळात भाऊ संपला होता. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. त्यानंतर मास्तरांनी ट्रिपेचं जे खूळ घेतलं ते घेतलंच, आणि ते खूळ आहे असं त्यांना तोंडावर सांगायची कुणाची छाती झाली नाही.

अशा माणसाच्या हातून जे घडलं ते कुणा आळशी, कामचुकार वायरमनच्या हातून घडलं नसतं. हे मी त्यांची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही. खरंच घडलं नसतं.

मास्तरांना एकच मुलगी. बाळंतपणाला ती माहेरी आली, मुलगा झाला, घरात दुपट्यांच्या दोऱ्या लागल्या. बाळ सोळा दिवसांचं असताना तिच्या छातीतली गाठ तपासायला पाठवली आणि तपासणीचा कागद हातात आल्यावर घरातलं हसणंबोलणं बंद झालं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की औषध तीन आठवड्यांनी सुरू करावं लागेल, आणि एकदा सुरू झालं की बाळाला अंगावर पाजता येणार नाही. पावडरीचं दूध द्या, मुलं त्यावरही वाढतात.

 घरी आल्यावर लेक पायातली चप्पल न काढताच म्हणाली, "बाबा, तीन आठवडे आहेत माझ्याकडे. मी साठवणार."

दूध काढून गोठवून ठेवलं तर सहा महिने टिकतं, हे तिने डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं. रोजची सगळी भूक भागेल एवढं साठणार नाही हे तिलाही कळत होतं. दिवसभर पावडर आणि संध्याकाळी एक बाटली आईची, असा तिने हिशेब बांधला. त्या एका बाटलीवर तिने काय काय टांगून ठेवलं होतं हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. मास्तरांना मात्र ते न सांगता समजलं.

स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा वरचा खण चौथ्या दिवशी भरला. बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातली जुनी पेटी, डीप फ्रीझर, मास्तरांनी जाऊन आणली. पण घराचं दार अडीच फुटी आणि पेटी तीन फुटी. उभी, आडवी, तिरकी करून पाहिली, जावयाचं बोट चेमटलं, पेटी काही आत येईना. शेवटी परसाच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या खोलीत ती ठेवायची ठरली. तिथे मास्तरांची वायरीची भेंडोळी, जुने पंखे आणि शिडी असायची. घरापासून साठ पावलं. खोलीत वीज नव्हती. वायरमनच्या घरची खोली असून नव्हती.

मास्तरांनी स्वतः चर खणला, गुडघाभर खोल. पेटीचा कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढतो आणि एवढ्या लांब बारीक वायर टाकली तर टोकाला विजेचा दाब कमी पडतो, पेटी नुसती गुरगुरते, हे त्यांना तोंडपाठ. म्हणून त्यांनी जाड केबल घेतली, ती पाइपातून नेली, वर वाळू, वाळूवर विटा, मग माती. मध्ये कुठेही सांधा नाही. खोलीच्या मागे वेगळी अर्थिंग पुरली. त्यांचे हात सालटले आणि कंबर धरली, पण खोदकामाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. लेक खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "बाबा, खजिना पुरताय की काढताय?"

"पुरतोय," मास्तर म्हणायचे.

सगळं चोख झालं. राहिली एकच गोष्ट. दुकानदारांच्या पेट्या जोडताना मास्तर नेहमी सांगत, की थंड पेटीची लाइन घराच्या लाइनमध्ये गुंतवायची नाही. तिला मीटरपासून वेगळी काढायची आणि तिची ट्रिप वेगळी ठेवायची, नाहीतर घरात कुठेही खुट्ट झालं तरी पेटी बंद पडते. पण त्यांच्याकडे जादा ट्रिप शिल्लक नव्हती. शहरातून यायला दोन दिवस लागणार होते, आणि इकडे फ्रिजच्या खणात बाटली ठेवायला जागा उरली नव्हती. दुसऱ्या कुणीही दोन दिवस पेटी सरळ, ट्रिपेशिवाय जोडून दिली असती. मास्तरांचा हात त्या वायरीपाशी गेला आणि तिथेच थांबला. त्यांना गिरणीतली ओली फरशी दिसली. लेक रोज त्या पेटीच्या लोखंडी झाकणाला हात लावणार. त्यांनी पेटीची लाइन घरच्याच ट्रिपेवर जोडली. दोन दिवसांचा तर प्रश्न, ट्रिप आली की वेगळी करू.

ट्रिप आली. मास्तरांच्या पिशवीत पडून राहिली. तोवर लेकीच्या तपासण्या सुरू झाल्या, मग औषध, मग उलट्या, मग केस. त्या दिवसांत पेटी मागच्या खोलीत तिच्या लयीत घुमत होती आणि जी वस्तू नीट चाललीय तिच्याकडे बघायला घरात कुणाला सवड नव्हती.

तीन आठवड्यांत लेकीने एकशे अठरा बाटल्या भरल्या. प्रत्येकीवर कागदी पट्टी, पट्टीवर तारीख, आणि जागा उरली तर काहीतरी बारीक अक्षरात. औषध सुरू झाल्यावर रोज संध्याकाळी मास्तर मागच्या खोलीतून तारखेच्या क्रमाने एक बाटली आणायचे, त्यांची बायको ती कोमट पाण्यात ठेवायची आणि पाजायची मात्र लेकच. दूध वितळलं की वर सायीचा पिवळसर थर यायचा. ती बाटली गोल फिरवून तो थर मिसळायची, मग बाळाला मांडीवर घ्यायची. अंगात ताप असला तरी हे काम तिने कुणाला दिलं नाही. दिवसभर अंथरुणाला खिळलेली पोर त्या वेळेला उठून केसांवर रुमाल बांधायची.

मग ऑपरेशनची तारीख आली. बाळाला सोडून जायला लेक तयार होईना, म्हणून आजीही निघाली, जावई होताच, आणि धावपळीला मास्तर. दहा बाटल्या बर्फाच्या डब्यात घेतल्या. पेटीत बहात्तर उरल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किल्ली ठेवून जा हो मास्तर, दिवसातून एकदा नजर टाकीन."

"नजर कशाला टाकायची? लाइन मी ओढलीय," मास्तर म्हणाले.

घर अगदीच ओस दिसू नये म्हणून ओटीवरचा दिवा चालू ठेवून ते निघाले.

ऑपरेशन झालं. लेकीला आणखी दोन दिवस ठेवून घेतलं, म्हणून सातव्या दिवशी मास्तर, बायको आणि बाळ पुढे घरी आले. ओटीवरचा दिवा विझलेला होता. बल्ब गेला असेल असं म्हणत मास्तरांनी आतलं बटण दाबलं. तेही लागेना. मग त्यांनी बोर्डाकडे पाहिलं. ट्रिप खाली पडलेली होती.

त्यांनी ट्रिप वर केली नाही. तसेच मागच्या दाराने परसात गेले. खोलीत पोचायच्या आधीच त्यांना पेटीचा आवाज येत नाही हे कळलं, आणि दार उघडल्यावर वास आला. झाकण उचलायची गरज नव्हती. तरी त्यांनी उचललं. कोमट पाण्यात बहात्तर बाटल्या तरंगत होत्या, काहींची बुचं फुगून सुटली होती. दुधाचं दही नाही आणि पाणी नाही असं काहीतरी झालं होतं. मास्तर पेटीच्या कडेला हात टेकून उभे राहिले. 

ओटीच्या दिव्याचा होल्डर त्यांनी नंतर खोलून पाहिला. तिरक्या पावसाचे चार थेंब आत गेले होते, बस. ट्रिपेने तिचं काम केलं होतं. वीज गळली, तिने लाइन तोडली. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन हळहळत म्हणाल्या, "तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून दिवा बंद होता हो. मला वाटलं, बल्ब गेला असेल."

मास्तरांची बायको मागोमाग पेटीपाशी आली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. मग ती म्हणाली, "तिला सांगायचं नाही."

"सांगावं लागेल."

"अहो, परवा येतेय ती. अर्धी छाती कापून येतेय. आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या हे सांगणार तुम्ही तिला? बाटल्या धुऊन परत ठेवा पेटीत. मी रोज पावडर कालवून देईन त्याच बाटलीत. बाळाला काय कळतंय?"

"मी आयुष्यात..." मास्तरांनी सुरुवात केली.

"तुमच्या आयुष्याचं राहू द्या," बायको म्हणाली. आवाज चढवला नाही. आपल्याला बोलायला तोंड उरलेलं नाही हे त्यांनी स्वतःच स्वतःला सांगितलं.

बाटल्या रिकाम्या करताना बायकोला ते मोरीत ओतवेना. तेव्हा मास्तरांनी परसात खड्डा खणला, दोघांनी मिळून एकेक बाटली त्यात उपडी केली आणि वर माती ओढली. पट्ट्या भिजू नयेत म्हणून बाटल्या आतूनच धुतल्या. धुताना मास्तरांना ती बारीक अक्षरं वाचावी लागली. 'पहाटे पाच. बाळ झोपेत हसलं.' 'आज फक्त अर्धी.' 'दुखतंय, पण भरली.' 'बाबांनी चर बुजवला, हात बघवत नाहीत.' ही शेवटची पट्टी वाचून ते उठले आणि आंघोळीच्या खोलीत जाऊन नळ सोडून बसले. पाणी वाहण्याच्या आवाजात बायकोला दुसरंही काही ऐकू आलं असणार, पण तिने दार ठोठावलं नाही.

बहात्तर रिकाम्या बाटल्या तारखेप्रमाणे पेटीत परत लागल्या. आणि मग मास्तरांनी पिशवीतून ती ट्रिप काढली. मीटरपासून वेगळी लाइन, वेगळा स्विच, वेगळी ट्रिप, वर 'बंद करू नये' अशी पाटी. एवढी चोख लाइन त्यांनी कुणाकडे केली नव्हती. घर जळलं असतं तरी पेटी चालू राहिली असती. आत काही नव्हतं.

लेक आली. वाळून अर्धी झाली होती. पहिल्या संध्याकाळी मास्तर साठ पावलं गेले आणि बर्फाने पांढरी पडलेली रिकामी बाटली मुठीत झाकून आणली. स्वयंपाकघरात बायकोने पावडर कालवली. लेकीने बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली, नेहमीसारखी गोल फिरवली आणि बाळाच्या तोंडाला लावली. बाळ घटाघट प्यायलं. बायकोचा जीव भांड्यात पडला. मास्तर तेवढ्यात बाहेर निघून गेले होते.

त्या दिवसापासून ते बाहेरच राहू लागले. पूर्वी लेकीच्या उशाशी बसून तिला गिऱ्हाइकांचे किस्से सांगायचे, न्हाव्याची गोष्ट तर तिने पन्नासदा ऐकली होती. आता दारातूनच विचारायचे, "औषध घेतलंस?" आणि उत्तर यायच्या आत मागच्या खोलीत. काय करता तिथे, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, पेटीवर लक्ष ठेवतोय. रिकाम्या पेटीच्या झाकणावर हात ठेवून ते तासन्‌तास बसायचे. कामं यायची, ती नाकारायचे. आपल्याला लेकीला तोंड दाखवायची लाज वाटते, हे त्यांनी मनातल्या मनातही एवढ्या सरळ शब्दांत म्हटलं नव्हतं, पण तसंच होतं.

दिवस तसेच गेले. लेक मधे दोनदा इस्पितळात जाऊन आली. घरी असली की संध्याकाळची बाटली चुकली नाही. नसली त्या दिवसांच्या बाटल्या पेटीत थांबायच्या. दुसऱ्यांदा आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जावयाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं आणि जावई दोन दिवस जेवला नव्हता. मग एका संध्याकाळी पेटीत एकच बाटली उरली. मास्तर ती घेऊन आले. बायको म्हणाली, "आज तुम्हीच द्या तिला. माझ्याच्याने होणार नाही." आणि ती पदराने डोळे पुसत ओटीवर जाऊन बसली.

लेक तक्क्याला टेकून बसली होती. बाळ आता चांगलं गुटगुटीत झालं होतं, मांडीत मावत नव्हतं. तिने बाटली घेतली, पट्टीवरची तारीख वाचली आणि बाळाच्या तोंडाला लावली. मास्तर निघायला वळले.

"बसा ना बाबा."

ते दाराजवळच्या स्टुलावर बसले.

"इथे बसा."

ते पलंगाच्या कडेला बसले आणि फरशीकडे बघू लागले. बाळाच्या चोखण्याचा आवाज तेवढा येत होता.

"ट्रिप कधी पडली होती?" लेकीने विचारलं.

मास्तर पायाच्या अंगठ्याने फरशीची फट घासत राहिले. 

"पहिल्याच बाटलीला कळलं मला," ती म्हणाली. "साय नव्हती वर. फिरवली तरी नव्हती. आणि पेटीचा आवाजही बदलला होता. भरलेली पेटी बराच वेळ थांबून मग घुमते, ती घडीघडी चालू-बंद होत होती. वायरमनची मुलगी आहे मी."

"मग बोलली का नाहीस?"

"आईचं तोंड बघितलं. म्हटलं, तिला वाटतंय ना, वाटू दे. अजूनही सांगू नका तिला, मला माहीत होतं ते."

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. जादा ट्रिप नव्हती ते. दोन दिवसांचं ठरवलं होतं ते. सरळ जोडायला हात गेला नाही ते. शेजारच्या काकूंना किल्ली दिली नाही तेही. एवढं सलग ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते. "माझ्यामुळे गेलं, पोरी," ते म्हणाले. "तुझं सगळं माझ्यामुळे गेलं."

लेकीने बाळाच्या तोंडातून रिकामी बाटली सोडवली आणि बाजूला ठेवली. तिला धाप लागली होती. 

"दूध गेल्याचं कळलं त्या दिवशी मी रडले," ती म्हणाली. "तोंडात उशी घालून रडले. तुमचा रागही आला. आठ-दहा दिवस राहिला, मग गेला. पण बाबा, तुम्ही परत आलाच नाहीत. मी इथे एकटी पडून असायचे आणि तुम्ही तिकडे रिकाम्या पेटीजवळ बसायचात. खिडकीतून दिसायचात मला. रोज वाटायचं, आज येतील. माझ्याकडे काय फार दिवस होते का?"

मास्तरांनी मान वर केली. लेकीचे डोळे खोल गेले होते, गालांची हाडं वर आली होती, ओठ कोरडे पडून फुटले होते. तिची ही दशा किती दिवसांपासून आहे हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि त्यांना आठवेना, कारण त्यांनी पाहिलंच नव्हतं.